इंग्लंडमधलं जुनं कंट्री हाउस कसं पाहावं: केडलस्टन हॉल धरून पहिल्या भेटीची तयारी

इंग्लंडच्या ग्रामीण भागात गावापासून दूर, शेकडो एकर हिरवळीच्या मधोमध एखादं भलंमोठं दगडी किंवा विटांचं घर एकटंच उभं दिसतं. हीच कंट्री हाउसं. भोवतालची जमीन, कुळं, चर्च, कधीकधी अख्खं गावच त्या घराच्या मालकीचं असायचं. आपल्याकडच्या देशमुखांच्या गढीशी त्याचं नातं लगेच लक्षात येतं, रचना मात्र उलटी असते. वाड्यात मधे मोकळा चौक आणि भोवती सोपे. इथे मधे छपराखालचं भव्य दालन, त्याच्या भोवती एकीतून दुसरीत उघडणाऱ्या खोल्या आणि त्या सगळ्यांच्या पाठीमागे किंवा पायाखाली नोकरांचं वेगळंच जग.

पहिल्यांदा जाणारे बहुतेक लोक दीड तासात वीस खोल्या पाहून बाहेर येतात, आणि त्यांच्या लक्षात सोनेरी चौकटींपलीकडे फारसं काही राहत नाही. घर संग्रहालयासारखं, वस्तू मोजत पाहिलं की असं होतं. खरं तर घर वापराच्या वाटांनी पाहावं: पाहुणा कुठून आत यायचा, जेवण कुठून यायचं, कोळसा कोण आणि कोणत्या जिन्याने वर न्यायचं, आणि हे सगळं चालवायला पैसा कुठून यायचा. हे प्रश्न डोक्यात असले की खोल्या आपोआप जोडल्या जातात.

उदाहरण म्हणून इथे डर्बीशरमधला केडलस्टन हॉल घेतला आहे. कर्झन घराणं बाराव्या शतकापासून या जागी आहे. आजचं घर १७५९ मध्ये बांधायला घेतलं. मॅथ्यू ब्रेटिंगहॅम आणि जेम्स पेन या वास्तुकारांनंतर काम रॉबर्ट ॲडमकडे आलं, आणि आतली सजावट, दक्षिणेची बाजू, बागेतला पूल या सगळ्यावर त्याचा हात फिरला. भारतीय वाचकाला हे घर दोन कारणांनी जवळचं वाटेल. १८९९ ते १९०५ या काळात व्हाइसरॉय असलेले लॉर्ड कर्झन १८५९ मध्ये इथेच जन्मले. आणि कोलकात्याचं जुनं गव्हर्नमेंट हाउस, म्हणजे पुढचं राजभवन, याच घराच्या आराखड्यावरून बांधलेलं आहे.

घर कोणाच्या ताब्यात आहे, ते आधी पाहा

तिकीट, पास, वेळा, फोटोचे नियम हे सगळं यावर ठरतं. नॅशनल ट्रस्ट ही १८९५ मध्ये स्थापन झालेली धर्मादाय संस्था, केडलस्टन १९८७ पासून तिच्याकडे आहे. इंग्लिश हेरिटेज ही वेगळी संस्था. तिच्याकडे चारशेहून अधिक जागा आहेत, त्यांत किल्ले आणि भग्नावशेष जास्त, सजलेली घरं कमी. तिसरा गट खाजगी मालकांचा. त्यांतले बरेच जण हिस्टॉरिक हाउसेस या संघटनेचे सभासद आहेत. काही मोठ्या घरांचा कारभार स्वतःच्या वेगळ्या ट्रस्टकडे असतो. चॅट्सवर्थ हे त्यातलं सगळ्यांत प्रसिद्ध.

नवखे लोक इथे हमखास चुकतात. नॅशनल ट्रस्टचं कार्ड घेऊन चॅट्सवर्थला जातात आणि दाराशी पूर्ण तिकीट काढावं लागतं. एका संस्थेचं सदस्यत्व दुसरीकडे चालेल असं गृहीत धरू नका.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या कुटुंबाला वर्षात तीन-चार घरं पाहायची असतील, तर नॅशनल ट्रस्टचं कौटुंबिक सदस्यत्व बहुधा परवडतं, शिवाय ट्रस्टच्या बहुतेक वाहनतळांवर सदस्यांना पैसे पडत नाहीत. भारतातून काही दिवसांसाठी येणाऱ्यांनी परदेशी पाहुण्यांचे पास पाहावेत. इंग्लिश हेरिटेजचा असा पास ९ किंवा १६ दिवसांचा मिळतो. पण पास घेण्याआधी, त्या दिवसांत आपण खरोखर किती जागी पोहोचणार आहोत याचा हिशोब करा. एका दिवसात दोन मोठी घरं नीट पाहून होत नाहीत.

तिकीट काढताना ‘गिफ्ट एड’ असा पर्याय येतो. त्यात तिकिटाच्या किमतीत साधारण १० टक्के देणगी मिळवलेली असते आणि संस्था त्यावर सरकारकडून कर परत मागू शकते. हा पर्याय फक्त ब्रिटनमध्ये कर भरणाऱ्यांसाठी आहे. पर्यटक म्हणून आला असाल तर साधं तिकीट घ्या. ब्रिटनमध्ये कर भरत असाल तर गिफ्ट एड जरूर निवडा. त्या पैशातून छपरं दुरुस्त होतात, आणि अशा घरांचा सगळ्यांत मोठा खर्च छपराचाच असतो.

वार आणि वेळ

बाग आणि भोवतालचं मोकळं रान बहुतेक ठिकाणी जवळपास वर्षभर उघडं असतं, घर मात्र नसतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी-मार्च या काळात बरीच घरं बंद असतात किंवा मोजक्याच खोल्या दाखवतात. या महिन्यांत पडदे उतरवून, झुंबरं खाली घेऊन, पुस्तकं एकेक करून साफ केली जातात. हंगामातही आठवड्याचे एक-दोन दिवस घर बंद असू शकतं. लग्न किंवा चित्रीकरणासाठी एखादा दिवस राखलेला असू शकतो. त्यामुळे वेळा दोनदा पाहायच्या: बेत ठरवताना आणि आदल्या संध्याकाळी. आणि पाहताना ‘हाउस’ या शब्दासमोरची वेळ वाचायची. वरच्या ओळीत ठळक छापलेली वेळ अनेकदा रानाची किंवा चहागृहाची असते.

शेवटचा प्रवेश दार बंद होण्याच्या अर्धा ते एक तास आधी असतो, आणि त्या वेळी आत गेलात तर शेवटच्या खोल्या मागे दिवे मालवले जात असताना पाहाव्या लागतात. उत्तम वेळ म्हणजे घर उघडल्यानंतरचा पहिला तास. काही ठिकाणी सकाळी फक्त मार्गदर्शकासोबतची छोटी फेरी असते आणि दुपारपासून मोकळा प्रवेश. फेरीला जागा मिळत असेल तर ती घ्या. पहिल्या भेटीत माणसाच्या तोंडून ऐकलेलं फलकांपेक्षा जास्त लक्षात राहतं.

तिकिटाचे दोन प्रकार असतात, रान-बागेचं आणि घरासकटचं. स्वस्त तिकीट काढून घराच्या दाराशी अडकणारी कुटुंबं नेहमी दिसतात. प्रवेशाची वेळ ठरवून दिलेली असेल तर वाहनतळापासून दारापर्यंतची पंधरा मिनिटं हिशोबात धरा.

सप्टेंबरमध्ये हेरिटेज ओपन डेज असतात. एरवी बंद असणाऱ्या अनेक जागा तेव्हा विनामूल्य उघडतात. गर्दी असते, पण खर्चाचा विचार करणाऱ्यांनी तारखा लिहून ठेवाव्यात.

पोहोचायचं कसं

ही घरं घोडागाडीने येणाऱ्यांसाठी बांधली, त्यामुळे स्टेशनाजवळ क्वचितच असतात. केडलस्टनसाठी लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकातून डर्बीची गाडी धरायची. साधारण दीड तास लागतो. डर्बीहून घर पाचेक मैलांवर आहे. ग्रामीण बसगाड्या मोजक्या असतात आणि रविवारी त्यांच्यावर भरवसा ठेवू नये. टॅक्सीने जाणार असाल तर परतीची टॅक्सी जातानाच ठरवून टाका, कारण रानात फोनला रेंज नसते आणि बंद होण्याच्या वेळी सगळ्यांनाच गाडी हवी असते. तिकिटाचा स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवायचा तो याच कारणासाठी.

गाडीने जाताना शेवटच्या दोन मैलांत नकाशापेक्षा रस्त्यावरच्या तपकिरी पाट्यांवर विश्वास ठेवा. पोस्टकोड इस्टेटीच्या एखाद्या मागच्या बंद फाटकावर किंवा शेतावर नेऊ शकतो. आत शिरताना रस्त्यात लोखंडी दांड्यांची जाळी लागते. ती मेंढ्यांना बाहेर पडू न देण्यासाठी असते. तिच्यावरून सावकाश न्या.

इथे एक गोष्ट चुकवू नका. फाटकापासून घरापर्यंतचा रस्ता मुद्दाम वळवलेला असतो. घर आधी दिसत नाही, मग पाण्यापलीकडे एकदम दिसतं, पुन्हा झाडांआड जातं. ही मांडणी अठराव्या शतकातल्या बागरचनाकारांनी केलेली आहे. केडलस्टनमध्ये तर या देखाव्यासाठी जुनं गाव उठवून दूर वसवलं आणि सार्वजनिक रस्ताही हलवला. जुन्या गावातलं चर्च तेवढं जागच्या जागी राहिलं आणि आज ते घराला अगदी चिकटून उभं आहे. हिरवळ नैसर्गिक वाटते, पण तिच्याखाली घरांच्या जागा आहेत, हे मनात ठेवून ती पाहावी.

काय घालावं, काय न्यावं

सपाट, रुंद तळव्याचे, ओले झाले तरी चालतील असे बूट. टाचेचे बूट आत चालत नाहीत. टोकदार टाचेखाली सगळं वजन नखाएवढ्या जागेवर येतं आणि लाकडी जमिनीवर खड्डे पडतात. बाहेर खडी आणि ओलं गवत असतं, त्यामुळे चपला नकोतच. साडी नेसणाऱ्यांनी निऱ्या घोट्याच्या किंचित वर ठेवाव्यात, नाहीतर काठ भिजतो.

जून महिन्यातही सोबत एक स्वेटर असू द्या. अशा घरांत तापमानापेक्षा हवेतला ओलावा सांभाळण्यासाठी उष्णता दिली जाते. सापेक्ष आर्द्रता साधारण ५० ते ६५ टक्क्यांत राखायची असते. हवा फार कोरडी झाली तर लाकूड तडकतं आणि रंगाचे पोपडे निघतात, फार दमट झाली तर बुरशी आणि कसर लागते. आपल्याला थंडी वाजते, पण पलंगाचा २५० वर्षांचा रेशमी पडदा टिकतो.

पिशवी लहान असावी. पाठीवरची सॅक पुढे छातीशी घ्यायला सांगतात किंवा कपाटात ठेवायला लावतात, कारण वळताना मागची पिशवी चिनी मातीच्या भांड्याला कधी लागली ते माणसाला कळतच नाही. पाण्याची बाटली आत असू दे, पण आतल्या खोल्यांत पाणी प्यायचं नाही.

दाराशी

दर्शनी भव्य जिना पाहून लोक तिकडेच वळतात. आजचा पाहुण्यांचा प्रवेश मात्र अनेकदा खालच्या मजल्यावरून किंवा बाजूने असतो. केडलस्टनमध्ये मुख्य दालनं एक मजला वर आहेत. खालचा मजला कामाचा, वरचा दिखाव्याचा, ही इटलीहून आलेली पद्धत. म्हणून आत जाण्याआधी दोन मिनिटं उत्तरेच्या अंगणात उभे राहा. मधला मोठा भाग, दोन्ही बाजूंना वाकलेले जोडमार्ग आणि त्यांच्या टोकांना दोन छोटी घरं दिसतील. एका घरात कुटुंब राहायचं, दुसऱ्यात स्वयंपाकघर. मधलं सगळं पाहुण्यांना दाखवायला. मूळ आराखड्यात अशी चार उपगृहं होती. दक्षिणेची दोन कधी बांधलीच गेली नाहीत. कोलकात्यात १७९९ ते १८०३ च्या दरम्यान चार्ल्स वायटने गव्हर्नर-जनरल रिचर्ड वेलस्लीसाठी गव्हर्नमेंट हाउस बांधलं, तेव्हा मात्र चारही उपगृहं बांधली. मूळ घर अर्धवट राहिलं आणि त्याची प्रतिकृती पूर्ण झाली.

आत शिरताना स्वयंसेवक काही विचारतात, त्याने घाबरायचं कारण नाही. फोटो बहुतेक ठिकाणी चालतात, पण फ्लॅश, ट्रायपॉड आणि सेल्फी-काठी चालत नाही. फोनचा फ्लॅश ‘ऑटो’वर असेल तर आधीच बंद करा, अंधाऱ्या खोलीत तो आपणहून उडतो.

वरच्या खोल्या: काय पाहायचं, कशात वेळ घालवायचा

सगळे फलक वाचू नका. वीस खोल्यांतल्या चार-पाच निवडा आणि बाकीच्या चालत ओलांडा. केडलस्टनमध्ये आमच्या मते वेळ द्यायच्या जागा अशा.

मार्बल हॉल. नाव संगमरवराचं, पण वीस खांब अलाबास्टर नावाच्या मऊ, गुलाबीसर दगडाचे आहेत. प्रत्येक खांब सुमारे २५ फूट उंच. भिंतींना खिडक्या नाहीत. उजेड छतातून येतो, जुन्या रोमन घरांतल्या उघड्या दालनासारखा. हे दालन बसण्यासाठी नव्हतंच. पाहुण्याने इथे उभं राहून यजमानाची ऐपत आणि अभिरुची ओळखावी, एवढंच त्याचं काम. मधोमध उभं राहून एकदा वर आणि एकदा सरळ पुढच्या दाराकडे पाहा, म्हणजे घराचा मध्य-अक्ष कळतो.

सलून. याच अक्षावर पुढे गोल, घुमटाकार खोली येते, ६२ फूट उंच. रोमच्या पँथिऑनवरून ती बेतलेली आहे. भिंतींतल्या कोनाड्यांत वेदीसारख्या दिसणाऱ्या गोष्टी नीट पाहा. त्या शोभेच्या वस्तू नसून लोखंडी शेगड्या आहेत. याच खोलीची बाहेरची बाजू म्हणजे दक्षिणेचा दर्शनी भाग, जो रोममधल्या कॉन्स्टंटाइनच्या विजयकमानीवरून घेतला आहे. बाहेर गेल्यावर तो पुन्हा पाहायचा.

ड्रॉइंग रूम. जॉन लिनेलने घडवलेले सोफे इथे आहेत. त्यांना हात म्हणून सोन्याचा मुलामा दिलेले मत्स्यकन्या आणि मत्स्यपुरुष आहेत. या खोलीच्या एका अंगाला संगीताची खोली, दुसऱ्या अंगाला ग्रंथालय. म्हणजे घराची ही बाजू कलांची. समोरची बाजू शयनगृहाची आणि जेवणाची. मोठ्या शयनगृहातला पलंग ताडाच्या झाडासारखा कोरलेला आहे, खांब म्हणजे खोड आणि वर झावळ्या. असे पलंग राजा कधी मुक्कामाला आला तर म्हणून तयार ठेवत. रोज कोणी त्यात झोपत नसे.

खोल्यांत उजेड इतका कमी का, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. कापड, जलरंग, कागद यांच्यावर साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) पुढे उजेड पडू देत नाहीत. बाहेर ढगाळ दिवशीही हजारो लक्स असतात. उजेडाने उडालेला रंग परत येत नाही, आणि नुकसान साठत जातं. त्यामुळे खोलीत शिरल्या शिरल्या फोटो काढण्याऐवजी एक-दोन मिनिटं थांबा. डोळे सरावले की गडद चित्रांतले चेहरे दिसू लागतात.

खुर्चीवर काटेरी रानफुलाचं वाळलेलं बोंड किंवा पाइनचं फळ ठेवलेलं दिसलं, तर त्याचा अर्थ ‘बसू नका’. ज्यांवर बसता येतं त्या खुर्च्या वेगळ्या असतात आणि विचारलं तर लगेच दाखवतात. गालिच्यावर जाडसर पट्टा अंथरलेला असतो, त्याच्यावरूनच चाला. भिंतीवरच्या रेशमाला, सोनेरी चौकटींना, संगमरवरालाही हात लावायचा नाही. बोटांचं तेल दगडात मुरतं आणि काही वर्षांत काळा डाग दिसतो. लहान मुलांना हे आधीच सांगून ठेवावं, आत गेल्यावर ओरडावं लागत नाही.

प्रत्येक खोलीत बसलेले आजी-आजोबा हे स्वयंसेवक. ते पहारेकरी आहेत असं समजून आपले लोक त्यांच्याशी बोलायचं टाळतात. त्यामुळे भेटीतला निम्मा आनंद जातो. साधे प्रश्न विचारा: या खोलीतलं मूळ काय आणि नंतर काय आलं? नोकर कोणत्या दाराने यायचे? आज बंद असलेलं दार कुठे उघडतं? शेवटचा प्रश्न विशेष कामाचा. भिंतीच्या कागदात किंवा पुस्तकांच्या खोट्या कण्यांत लपवलेली दारं अशा घरांत असतात, आणि बोट दाखवल्याशिवाय ती दिसत नाहीत.

जेवणाच्या दालनापाशी आलात की स्वयंपाकघर आठवा. ते बाजूच्या उपगृहात, म्हणजे वास आणि आग दोन्ही दूर. त्याची किंमत अशी की जेवण लांब वाकड्या जोडमार्गातून यायचं. केडलस्टनच्या जुन्या स्वयंपाकघरातल्या शेगडीवर कोरलेलं वाक्य आहे, त्याचा अर्थ ‘वाया घालवू नका, म्हणजे उणं पडणार नाही’. जेवणाच्या दालनात टांगलेल्या भव्य चित्रांखाली कोणी ते लिहिलं नाही, ते रांधणाऱ्यांसाठीच होतं.

खालचा मजला आणि भारतातून आलेल्या वस्तू

खालच्या मजल्यावर कर्झन यांचा पौर्वात्य वस्तूंचा संग्रह आहे. लोक दमलेले असतात म्हणून इथे धावत जातात. उलट करा, मराठी माणसाने इथे अर्धा तास राखूनच ठेवावा. हस्तिदंत, शस्त्रं, धातुकाम, दरबारी भेटी असं बरंच काही आहे. प्रत्येक वस्तूच्या फलकावर ‘भेट’, ‘खरेदी’ की आणखी काही लिहिलं आहे ते वाचा. ती कोणी दिली, कोणत्या परिस्थितीत दिली, हे विचारणं योग्यच आहे. नॅशनल ट्रस्टने सप्टेंबर २०२० मध्ये आपल्या जागांचे वसाहतवादाशी आणि गुलामगिरीशी असलेले संबंध मांडणारा अहवाल प्रसिद्ध केला, त्यानंतर अशा प्रश्नांना स्वयंसेवकही सरावलेले आहेत.

या घराशी जोडलेली सगळ्यांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे लॉर्ड कर्झन यांच्या पत्नी मेरी कर्झन यांचा मोरपिशी पोशाख. एडवर्ड सातव्याच्या राज्यारोहणानिमित्त १९०३ मध्ये दिल्लीत भरलेल्या दरबाराच्या वेळी त्यांनी तो नेसला होता. कापडावरचं जरदोजी काम भारतीय कारागिरांचं, शिवण पॅरिसच्या वर्थ यांच्याकडची. प्रत्येक पिसाच्या डोळ्यातली हिरवी चमक पाचूची नाही, ती भुंग्याच्या पंखांच्या कवचांची आहे. प्रकाश मंद असतो, म्हणून थोडं वाकून, बाजूने पाहिलं तर ती चमक सापडते. असं वस्त्र कधीकधी प्रदर्शनातून काढून विसाव्याला ठेवतात. केवळ त्याच्यासाठी जाणार असाल तर आधी विचारून घ्या.

कर्झन म्हटलं की आपल्याला बंगालची फाळणी आठवते, आणि ते बरोबरच आहे. त्याच माणसाच्या कारकिर्दीत १९०४ चा प्राचीन वास्तू संरक्षण कायदा झाला. त्याच कर्झन यांनी इंग्लंडमध्ये टॅटरशॉल आणि बोडियम हे किल्ले विकत घेऊन वाचवले आणि १९२५ मध्ये नॅशनल ट्रस्टसाठी मागे ठेवले. दोन्ही गोष्टी मनात ठेवूनच या मजल्यावर फिरावं.

चर्च आणि बाग

घराला लागून असलेल्या ऑल सेंट्स चर्चमध्ये कर्झन घराण्याच्या अनेक शतकांच्या समाध्या आहेत. त्याची व्यवस्था वेगळ्या ट्रस्टकडे असल्याने वेळा घरापेक्षा वेगळ्या असू शकतात. उघडं दिसलं की लगेच आत जा, नंतरवर टाकू नका. मेरी कर्झन १९०६ मध्ये गेल्या. त्यांच्या स्मृत्यर्थ बांधलेल्या भागात बर्ट्राम मॅकेनल यांनी घडवलेल्या पांढऱ्या संगमरवरी मूर्ती आहेत आणि खालची जमीन हिरव्या स्फटिकाची आहे.

बागेत गेल्यावर ॲडमने बांधलेला पूल आणि तळ्याकाठचा मासेमारीचा मंडप पाहावा. मंडपाच्या खाली होड्या ठेवायची आणि थंड पाण्याने स्नान करायची सोय, वर खोली. खिडकीतून थेट तळ्यात गळ टाकता येई, म्हणजे बायकांना उन्हात उभं राहावं लागत नसे. लांबचा फेरा साधारण तीन मैलांचा आहे. चालताना एके ठिकाणी हिरवळ सलग दिसते, आणि जवळ गेल्यावर कळतं की मधे खंदक आहे, एका बाजूला उभी भिंत आणि दुसऱ्या बाजूला उतार. त्याला हा-हा म्हणतात. जनावरं बागेत शिरू नयेत आणि दिवाणखान्यातून कुंपणही दिसू नये, यासाठीची ही युक्ती. मुलांना काठावर धावू देऊ नका, वरून तो दिसत नाही.

फाटकं जशी सापडली तशीच ठेवा, बंद असतील तर पुन्हा बंद. पिलं सोबत असलेल्या गाईंपासून लांब राहा. उंच गवतातून आल्यावर पाय आणि मोजे तपासा, गोचीड असू शकते.

पावसाचा भरवसा नसेल तर आधी बाग उरकून घ्या. घर पावसातही पाहता येतं.

खाणं

चहागृह साधारण चारच्या सुमाराला आवरायला लागतं, म्हणून साडेतीनच्या आत जा. स्कोन, घट्ट साय आणि जॅम ही ठरलेली जोडी. स्कोनवर अनेकदा अंड्याचा हात फिरवलेला असतो, त्यामुळे कडक शाकाहारी असाल तर विचारा. चवदा प्रकारच्या ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे, आणि अंडं त्यांत येतं. भाजलेला बटाटा आणि त्यावर बीन्स किंवा चीज हा पोटभरीचा शाकाहारी पदार्थ बहुतेक ठिकाणी मिळतो. आपला डबा न्यायला हरकत नाही. रानात बसून पोळीभाजी खाता येते, फक्त चूल किंवा बार्बेक्यू पेटवू नये आणि आखीव फुलबागेत डबा उघडू नये.

आई-वडिलांना किंवा लहान मुलांना नेताना

जुन्या घरांत लिफ्ट क्वचितच असते. जाण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा: मुख्य मजल्यापर्यंत किती पायऱ्या आहेत, वाहनतळापासून छोटी गाडी मिळते का, आणि आत बसायच्या जागा किती खोल्यांत आहेत. चाकाची खुर्ची बहुधा उसनी मिळते, पण आधी राखून ठेवावी. अपंग व्यक्तीसोबत आवश्यक म्हणून येणाऱ्या सोबत्याला नॅशनल ट्रस्टमध्ये प्रवेश विनामूल्य असतो. बाबागाडी आत नेऊ देत नाहीत, बाळाला अंगाशी बांधायची झोळी न्या. स्वच्छतागृह घरात नसून वाहनतळ किंवा चहागृहापाशी असतं. आत शिरण्याआधीच जाऊन या, कारण फेरी अर्धवट सोडून परत यायला पंधरा-वीस मिनिटं मोडतात.

एकूण वेळ: घराला दीड ते दोन तास, खालच्या मजल्याला अर्धा, चर्चला वीस मिनिटं, बागेला एक तास, आणि खाणं. म्हणजे साडेअकराला पोहोचलात तर साडेचारला निघाल.

दुसरं घर निवडताना

पहिलं घर अठराव्या शतकातलं पाहिलं असेल तर दुसरं वेगळ्या काळातलं घ्या. केडलस्टनहून फार लांब नसलेला हार्डविक हॉल १५९० च्या दशकातला. त्याच्या खिडक्या मजल्यागणिक उंच होत जातात आणि छपराच्या कडेवर मालकिणीची आद्याक्षरं दगडात कोरून आकाशात उभी केली आहेत.

महाराष्ट्राचा धागा हवा असेल तर दोन जागा आहेत. हॅम्पशरमधलं स्ट्रॅटफील्ड से हे वेलिंग्टनच्या ड्यूकचं घर. जालना जिल्ह्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी मराठ्यांशी लढलेला आर्थर वेलस्ली तो हाच. हे घर वर्षात मोजकेच दिवस उघडतं, म्हणून तारखा पाहूनच सहलीचा बेत आखायचा. दुसरी जागा आइल ऑफ वाइट बेटावरचं ऑस्बर्न हाउस, व्हिक्टोरिया राणीचं घर, सध्या इंग्लिश हेरिटेजकडे. तिथलं दरबार दालन १८९० च्या सुमारास लाहोरच्या कलाशाळेतून आलेल्या भाई राम सिंग यांनी रचलं. त्यांचे गुरू लॉकवुड किपलिंग लाहोरला जाण्याआधी दहा वर्षं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवत होते. छतावरची पांढरी नक्षी लाकडात किंवा दगडात कोरलेली वाटते, पण ती प्लास्टर आणि कागदाच्या लगद्याची आहे. साउथहॅम्प्टनहून ईस्ट काउझला बोट जाते. बेटावरून परतीची बोट किती वाजता सुटते, ते घरात शिरण्याआधी पाहून ठेवा आणि दरबार दालनासाठी निदान वीस मिनिटं हातात राहतील अशा बेताने आतल्या खोल्या पाहा, कारण ते फेरीच्या शेवटाकडे येतं.